डॉ. वाटवानी माहीत आहेत का तुम्हाला?

डॉ. भरत वाटवानी हे नाव कळल्यापासून मी भेटेल त्याला हाच प्रश्न विचारतो आहे. बहुतेकांची नकारार्थी मान हलते. २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता त्यांना, असं म्हटलं की लगेच उत्तर येतं, ‘तो सोनम वांगचुकना ना?’ हो, त्यांनाही मिळाला, त्याच वर्षी. पण त्याच यादीत आपल्या मुंबईचा एक मानसोपचारतज्ज्ञ होता आणि पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्याच्या कामाला तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं!

सुरुवात कशी झाली, ते वाचताना तर मला बसवेना. डॉ. भरत आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ. एके दिवशी हॉटेलात बसले असताना त्यांना रस्त्यावर एक तरुण दिसला. हाडांचा सापळा झालेला. हातात नारळाची करवंटी, आणि त्या करवंटीने तो गटाराचं पाणी पीत होता. दोघं त्याला आपल्या छोट्या नर्सिंग होममध्ये घेऊन आले, उपचार केले. तो हळूहळू बोलायला लागला, तर काय निघावं? चांगला पदवीधर! आंध्र प्रदेशात त्याचं घर होतं, माणसं होती. करवंटीवाल्या ‘वेड्या’ला पत्ता होता हो!

त्यातूनच १९८८मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभं राहिलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला उचलायचं, आंघोळ घालायची, जेवू घालायचं, औषधं सुरू करायची, सगळं मोफत. अनेकांना स्किझोफ्रेनिया असतो आणि तो औषधांना दाद देतो, हे किती जणांना ठाऊक आहे? भान आलं की माणूस गावाचं नाव सांगतो. मग संस्थेचे कार्यकर्ते त्याला रेल्वेने थेट घरी नेऊन पोचवतात. एकदा तर रस्त्यावर सापडलेला माणूस जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा माजी अध्यापक निघाला. मग चित्रकार मंडळी पुढे सरसावली, प्रदर्शन भरवलं, आणि त्या पैशांतून दहिसरचं केंद्र झालं. २००६पासून कर्जतला मोठं केंद्र आहे. मॅगसेसे मिळाला तोवर ७,०००हून अधिक माणसं आपापल्या घरी पोचली होती!

एवढं सगळं घडून आपल्याला पत्ता कसा नाही? मला वाटतं, इथला बरा झालेला पेशंट इथे राहतच नाही. तो बिहार, बंगाल, तमिळनाडूतल्या आपल्या घरी निघून जातो. त्याचा आनंद तिकडच्या ओसरीवर. आणि तो आजारी असताना आपण तर त्याच्याकडे पाहिलेलंच नसतं, नाक्यावर दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जातो. म्हणून कर्जत लोकलमधल्या आपल्याला ही बातमी मॅगसेसेच्या निमित्ताने पार मनिलाहून कळावी लागली.

आता आणखी एक सांगतो, कारण हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, असा भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस आढळला, तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे, आणि चोवीस तासांत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. आमच्या स्टेशनबाहेर पुलाखाली एक आजी बसते, कुणाशी तरी सतत बोलत असते. उद्या सकाळी मी चौकीत जाणार आहे.