खंबाटकीच्या चढावर ऑक्टेन

दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर टॉर्क. ऑक्टाव्हिया व्हीआरएस ही गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात शोधत होते तेव्हापासून हे आकडे मला पाठ होते. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर ९५ हा आणखी एक आकडा होता. बाकीचे सगळे आकडे त्याच्या जिवावर उभे आहेत, हे मला खंबाटकी घाटात कळलं.

पुण्यात कुठल्याही पंपावर गेलं की मुलगा विचारतो, “मॅडम, साधं की पॉवर?” ही गोष्ट २०२२ सालची. तेव्हा साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ आणि प्रीमियमचं ९५. लिटरमागे थोड्या रुपयांचाच फरक, पण ज्याला विचारावं त्याचं मत वेगळं. कुणाला प्रीमियम म्हणजे निव्वळ पैसे काढायचा धंदा वाटायचा. कुणी म्हणायचं, महिन्यातून एकदा टाका, इंजिन धुऊन निघतं. गॅरेजवाले दादा मात्र एवढंच म्हणाले, “ताई, गाडी स्वतः सांगते. तिला विचारा.”

मग तिलाच विचारायचं ठरवलं. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावायचं एक छोटं यंत्र घेतलं. त्यामुळे चारही सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते फोनवर दिसू लागलं. मे महिन्यातली दुपार, एसी चालू, मागे आईबाबा आणि डिकीत सामान. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकी चढावी लागायची, परतताना बोगदा असायचा, म्हणजे कसोटी जातानाच. टाकीत साधं पेट्रोल होतं. एका ट्रकच्या मागून बाहेर पडून तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि शेजारी बसलेला भाऊ फोनवरचे आकडे वाचू लागला. एका सिलिंडरची ठिणगी चार अंश मागे सरकली होती, दुसऱ्याची पाच. गाडी चढत होती, पण तिच्या हालचालीत एक जडपणा होता. आईबाबांना तो जाणवला नसेल, मला जाणवला.

असं का होतं, ते मला फार सुंदर वाटतं. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, दाबल्यामुळे तापते, मग ठिणगी पडते आणि जाळ एका बाजूने पसरत जातो. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर जाळ पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. तेच नॉकिंग. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, आणि ते चालूच राहिलं तर पिस्टनच्या कडा तुटायलाही वेळ लागत नाही. टर्बो तर हवा आधीच दाबून आत ढकलतो, त्यामुळे अशा इंजिनात हा धोका कायम जवळ उभा असतो. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला सेन्सर ही खडखड आपल्या कानाआधी ऐकतो, आणि कॉम्प्युटर लगेच ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं. ताकद मात्र जाते.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा समज पंपापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत सगळीकडे आहे. तो खरा नाही. ऑक्टेन सांगतं की हे पेट्रोल किती दाब आणि उष्णता निमूट सोसेल. १९२०च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी ही मोजपट्टी सुचवली. जराही दाब न सोसणाऱ्या हेप्टेनला शून्य, चिवट आयसो-ऑक्टेनला शंभर. त्या काळी शुद्ध हेप्टेन कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या डिंकातून मिळायचं. पेट्रोलचं मोजमाप एका झाडापासून सुरू व्हावं, याचं मला आजही नवल वाटतं. याच सोशिकपणासाठी १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी शिशाचं संयुग शोधलं आणि जगाने अनेक दशकं ते शिसं श्वासातून आत घेतलं. भारतात ते २००० साली थांबलं. अल्जीरियाने सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये थांबवलं. पंपावर ऑक्टेनचा आकडा वाचताना ते शिसं श्वासातून घेतलेली मुलं, त्यांची फुप्फुसं आठवली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

पुढे टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली, प्रीमियम भरलं आणि तोच चढ तशाच उन्हात घेतला. भाऊ वाचत होता: एक अंश, शून्य, एक. ठिणगी जागच्या जागी होती. ॲक्सिलरेटर दाबला तशी गाडीने पाठीला टेकू देऊन वर उचललं, वळणातून बाहेर पडताना आधीचा जडपणा कुठेच नव्हता. भाऊ फोन खाली ठेवून हसायला लागला.

पण शहरात? कर्वे रस्त्याच्या गर्दीत दोन्ही पेट्रोलांमध्ये मला तीळभर फरक दिसला नाही. तिथे इंजिनावर ताणच येत नाही, तर सोशिकपणा कामी येणार कधी? भावाच्या वॅगन आरमध्ये तर मी प्रीमियम टाकू देत नाही. ते इंजिन साध्या पेट्रोलासाठीच बनलंय, त्यात टर्बो नाही, ९५ मिळाल्याने त्याचं काही वाढत नाही. इंजिन धुऊन निघतं हेही अर्धंच खरं आहे. प्रीमियममधली रसायनं इंजेक्टर स्वच्छ ठेवतात, पण पेट्रोल फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असेल तर ते इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. तिथला कार्बन काढायला अक्रोडाच्या कवचाची पूड दाबाने मारावी लागते, आणि ते काम दादा फार हौसेने करतात.

आता प्रश्न पुन्हा बदललाय. साध्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने साधं पेट्रोलही ९५ च्या आसपास पोचलं. म्हणजे नॉकिंगपुरता स्टिकरवरचा आकडा साध्या नळीतूनच मिळू लागला. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, आणि माझ्या गाडीसारख्या २०१७ च्या आसपासच्या अनेक गाड्यांचे रबरी भाग एवढ्या इथेनॉलचा विचार करून बनवलेले नाहीत. माझी काळजी ऑक्टेनवरून तिकडे सरकली आहे.

त्यावर उतारा म्हणजे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने ते आणलं तेव्हा लिटरला १६० रुपये पडत होते. त्यात इथेनॉल मिसळलेलं नसतं. रोज टाकावं इतकं स्वस्त ते नाही, आणि शहरात त्याची गरजही नाही. कोल्हापूरला किंवा आंबा घाटात जायचं असलं की आदल्या संध्याकाळी ते भरते. पावसाळ्याआधी गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हाही तेच, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि उभ्या टाकीत ते मला नको असतं. बाकी दिवशी पंपावरचा मुलगा विचारतो, आणि मी सांगते, “साधंच टाक.”