घराचा दुसरा हिशेब

तुमचं घर बांधायला किती लागले, असं कोणी विचारलं तर तुमचे बाबा रुपयांत उत्तर देतील. मीही तसंच द्यायचो. पण माझ्याच वर्गाने मला दुसरा हिशेब मांडायला लावला.

आमची सातवीची सहल सेवाग्रामला गेली होती. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा या गावाचं नाव सेगाव होतं. त्यांच्यासाठी बांधलेलं आदिनिवास आणि जवळची बापूकुटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंनी बांधावं, असं गांधीजींनी लॉरी बेकर या वास्तुशिल्पकाराला सांगितलं होतं. मी हे सांगत होतो, तोच एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या घराच्या वस्तू किती मैलांवरून आल्या?"

मी गप्प झालो. सात वर्षांपूर्वी वडिलांचं मातीचं घर पाडून मी स्लॅबचं घर बांधलं आहे.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला आम्ही फळ्यावर माझंच घर मांडलं. सिमेंट कशाचं? चुनखडीचं. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी आहे, म्हणून सिमेंटचे कारखानेही तिथे आहेत. चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. तापवायला जळणारा कोळसा वायू सोडतोच, पण चुनखडीसुद्धा सोडते. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो! हाच वायू पृथ्वीची उष्णता वाढवतो.

एक टन सिमेंटमागे ढोबळमानाने ७०० किलो वायू धरा. माझ्या घराला ३०० पोती लागली, म्हणजे १५ टन. वायू झाला साडेदहा टन. लोखंड ३ टन. टनामागे सुमारे २ टन, म्हणजे आणखी ६. बेरीज साडेसोळा टन! विटा, वाळू, ट्रकचं डिझेल अजून धरलंच नव्हतं.

"झाला हिशेब," मी म्हणालो. "नाही सर," मागच्या बाकावरून आवाज आला, "कूलरची वीज?"

बरोबर होतं पोराचं. आपली बरीचशी वीज कोळशाची. घर उभं राहतं तेव्हापासून पंखे, कूलर, डागडुजी आणि शेवटी पाडापाडी, हे सगळं त्याच्या खात्यावर लागतं. डेन्मार्कमध्ये २०२३ पासून मोठ्या नव्या इमारतींना असा ५० वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्याला मर्यादाही घातलेली आहे.

मग त्या मुलीने पुन्हा हात वर केला. "सर, जुनं घर पडायला आलं होतं का?"

खरं सांगू? नव्हतं आलं. भिंती धडधाकट होत्या. छत गळत होतं. कवेलू फेरले असते, दोन वासे बदलले असते, तर भागलं असतं. पण शेजाऱ्यांचे स्लॅब पडले होते आणि मला मातीच्या घराची लाज वाटत होती. मे महिन्यात आई दुपारभर कडुनिंबाखाली बसते. म्हणते, "तुहं घर दिसाले चांगलं हाय बाप्पा, पन दुपारी राहू देत नाही."

मातीचं घर सोपं नसतं. दरवर्षी लिंपावं लागतं, वाळवी लागते. सगळ्यांनी तसंच राहावं, असं मी म्हणत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. कमी सिमेंट-लोखंडात पक्कं घर कसं बांधता येतं, हे तिथे पाहायला मिळतं. मी ते घर बांधायच्या आधी पाहायला हवं होतं.

आता घर उभं आहेच. जितकी जास्त वर्षं ते टिकेल, तितका त्या साडेसोळा टनांचा वार्षिक वाटा कमी. म्हणून यंदा मुलांनी आणि मी मिळून स्लॅबवर पांढरा चुना मारला, आणि पश्चिमेला दोन कडुनिंब लावले.

तुमच्या गल्लीत एखादं घर बांधायला काढलंय? मालकांना विचारून सिमेंटची पोती मोजा. एका पोत्यामागे ३५ किलो धरा. आणि जुनं घर पाडायचं ठरत असेल, तर घरात तो प्रश्न जरूर विचारा: "ते पडायला आलंय का?"