बुशच्या भिंतीचं माप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. गनमेटलचे बुश हे आमचं मुख्य काम. बाहेरचा व्यास आणि बोअर मोजून माल पाठवायचा, हा नेहमीचा रिवाज. एका गिऱ्हाइकानं मात्र ड्रॉइंगवर थेट भिंतीची जाडी लिहून दिली: ३ मिमी, अधिक-उणे ०.०५. त्यांचं म्हणणं रास्त होतं. दोन्ही व्यास बरोबर असले तरी केंद्र किंचित सरकलं, की भिंत एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते.

जुन्या व्हर्निअरवर हे काम सोपवायची माझी तयारी नव्हती. आमच्या टर्नर काकांना घेऊन मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. सोबत २० मिमी बोअरचा एक बुश आणि १० मिमीचा स्लिप गेज घेतला. माप घेण्याचं साधन विकत घेताना ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू जवळ हवीच, असं माझं ठाम मत आहे.

दुकानात आधी डिजिटल कॅलिपर पाहिला. त्याच्या पडद्यावर ०.०१ मिमीपर्यंतचे आकडे दिसतात. पण चांगल्या १५० मिमी कॅलिपरलासुद्धा ०.०२ ची चूक माफ असते. आम्ही आधी जॉ बंद करून उजेडासमोर धरले. फट दिसली नाही. मग स्लिप गेज जॉच्या बुडाशी धरला: बरोबर १०.००. तोच टोकाशी धरून काकांनी जरा जोर दिला, तर ९.९७. माप घेतलं जातं टोकाशी आणि पट्टी असते वरच्या दांड्यावर. मधल्या या अंतरामुळे सरकता जॉ दाबाखाली तिरका होतो. मोजायची वस्तू आणि पट्टी एका रेषेत हवी, हे अर्न्स्ट अॅबे या जर्मन शास्त्रज्ञानं १८९० मध्येच मांडून ठेवलं आहे.

बुशच्या बाबतीत अडचण दुहेरी होती. जॉ सुमारे ३ मिमी जाड आणि सपाट. २० मिमीच्या बोअरमध्ये तो दोन कडांवरच टेकतो, मधे ०.११ मिमी पोकळी राहते आणि तेवढी भिंत जाड दिसते. म्हणजे चांगला माल रिजेक्ट आणि पातळ भिंतीचा पास! जॉची टोकं धारदार असतात, तिथं ही चूक घटते. पण तिरकेपणाही नेमका तिथंच जास्त.

म्हणून शेवटी कॅलिपर बाजूला ठेवून गोल अॅन्व्हिलचा मायक्रोमीटर घेतला. त्याची गोळी बोअरच्या गोलाईत एकाच बिंदूवर टेकते, स्क्रू मापाच्या रेषेतच असतो आणि रॅचेटमुळे काकांचा हात आणि माझा हात सारखाच दाब देतो. बुश फिरवत चार ठिकाणी वाचन घेतलं, की केंद्र किती सरकलंय ते लगेच कळतं.

आम्हाला रबरी गॅस्केटचीही जाडी मोजावी लागते, तो प्रश्न अजून बाकी आहे. रबर रॅचेटच्या दाबानंही दबतं. त्यासाठी ठरलेल्या वजनाचा डायल थिकनेस गेज लागेल. पुढची खरेदी तीच.