करणे, करवणे आणि फ्रेंच 'फेर'

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली तीन वर्षे, दर रविवारी सकाळी, एकाच बाकावर बसून फ्रेंच शिकतो. चाळिशी उलटल्यावर हा उद्योग कशासाठी, असे घरच्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांनी विचारून झाले आहे. मोपासां किंवा काम्यू मराठीत वाचताना बहुधा मध्ये इंग्रजीची एक भिंत जाणवत राहते, तिच्यापलीकडे डोकावून पाहावे, असे काहीतरी उत्तर आम्ही देतो. ते खोटे नाही. पण खरे कारण असे की वीस-बावीस वर्षे फळ्याच्या एका बाजूला उभे राहिल्यावर दुसऱ्या बाजूला बसून पाहण्याची इच्छा होते. आमच्या शिक्षिका वयाने आमच्या निम्म्या. आम्ही त्यांना 'मॅडम' म्हणतो, त्या आम्हांला 'मॅडम' म्हणतात, आणि उरलेला वर्ग गालातल्या गालात हसतो.

मध्यम पातळीच्या पुस्तकात प्रयोजक रचनेचा धडा आला तेव्हा आम्ही अगदी निर्धास्त होतो. लिंगविचाराने, संकेतार्थाने आणि त्या अनुच्चारित अंत्य व्यंजनांनी आम्हांला पुरेसे छळले होते. पण प्रयोजक म्हणजे आमचे घरचेच अंगण. दामल्यांचे 1911 चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आम्ही दोघींनीही एम.ए.ला असताना झिजवले आहे. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, पिणे-पाजणे, बसणे-बसवणे, करणे-करवणे: धातूच्या पोटातला स्वर बदलून किंवा शेवटी 'व' जोडून मराठी हे काम किती प्रकारांनी करते! फ्रेंचकडे असला सरंजाम नाही. तिच्याकडे एकच 'फेर', म्हणजे करणे. त्याच्यापुढे दुसरे क्रियापद मूळ रूपात ठेवले की झाले. 'तोंबे' पडणे, 'फेर तोंबे' पाडणे; 'व्ह्वार' पाहणे, 'फेर व्ह्वार' दाखवणे; 'लीर' वाचणे, 'फेर लीर' वाचायला लावणे. भातसुद्धा 'फेर क्वीर', म्हणजे शिजायला लावायचा. आम्हांला ही रचना थोडी दरिद्री वाटली, हे कबूल करतो.

(मराठीची श्रीमंती मात्र गोंधळाचीही आहे. 'मला आता जिना चढवत नाही' यातले 'चढवणे' कोणी कोणाला चढायला लावते असे नाही. ते शक्य क्रियापद. प्रत्यय दिसायला तोच 'व', पण तिथे करवून घेणारा कोणी नाही. आहे ते फक्त आपले थकलेले गुडघे. दर वर्षी पहिल्या वर्षाचे अर्धे विद्यार्थी इथे चुकतात. आता आम्ही त्यांचे गुण पूर्वीइतके सढळ हाताने कापत नाही.)

पहिला फटका गृहपाठात बसला. विषय होता 'गेल्या दहा वर्षांत तुम्ही काय काय केलेत'. आमच्यातल्या एकीने अभिमानाने लिहिले, 'आम्ही घर बांधले.' फ्रेंच वाक्य निर्दोष होते. मॅडमनी ते मोठ्याने वाचले आणि अतिशय गांभीर्याने विचारले, "तुम्ही स्वतः? विटा रचून?" वर्ग हसला. मग त्यांनी फळ्यावर लिहिले: 'नू-झावों फे कोंस्त्रुईर युन मेझों', म्हणजे आम्ही घर बांधवले. म्हणाल्या, केसांचेही असेच. न्हाव्याकडून कापून घेतले असतील तर 'फेर' आणा; नाहीतर आरशासमोर कात्री घेऊन तुम्हीच बसला होता, असा अर्थ होईल.

फ्रेंच माणूस बोलताना प्रत्येक वेळी इतका काटेकोर असतो, असे आमचे म्हणणे नाही. राजाने राजवाडा बांधला असे तिथल्या इतिहासाच्या पुस्तकांतही सापडते. पण गृहपाठाच्या वहीत तरी ती भाषा विचारते, आणि मराठी सहसा विचारत नाही. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही आपली म्हण घ्या. ती म्हणणाऱ्याने आयुष्यात थापी हातात धरलेली नसते आणि लग्नही बहुधा मुलीचे असते. आपण दिवाळीला ब्लाउज शिवतो, स्वयंपाकघरात फरशी बसवतो, श्रावणात सत्यनारायण करतो. 'शिवून घेतला', 'बसवून घेतली' ही रूपे आपल्याकडे आहेत, चांगली ठसठशीत आहेत. पण वापरलीच पाहिजेत अशी सक्ती नाही. त्या रविवारी घरी परतताना घरवाली मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मुकादमाचं नाव आठवतंय. गवंड्याचं अर्धं आठवतंय. स्लॅब टाकला त्या दिवशी घमेली वाहणाऱ्या बायका किती होत्या, तेसुद्धा आठवत नाही."

याबाबतीत रायगडावरच्या जगदीश्वराच्या देवळातला संस्कृत शिलालेख आम्हांला जास्त प्रामाणिक वाटतो. मंदिर शिवछत्रपतींच्या अनुज्ञेने झाले आणि ते निर्माण केले हिरोजीने, असे तो दोघांचेही नाव घेऊन, दोन वेगळ्या विभक्तींत सांगतो. हिरोजीचे नाव तिथल्या पायरीवरही आहे. असो.

त्यानंतर धड्यात सर्वनामांच्या जागांचा एक चक्रव्यूह आहे, तो इथे उलगडत नाही; आम्हांलाही तो अजून पूर्ण उलगडलेला नाही. पण भूतकालवाचक धातुसाधिताची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. 'जे घर आम्ही बांधले' असे फ्रेंचमध्ये म्हणताना कर्म आधी आले की धातुसाधित त्या कर्माप्रमाणे बदलते. 'मेझों' स्त्रीलिंगी, म्हणून 'कोंस्त्रुई'चे 'कोंस्त्रुईत' होते. आपल्या कर्मणी प्रयोगाची बहीणच ही: आम्ही वाडा बांधला, भिंत बांधली, घर बांधले. बाकीचा वर्ग या नियमाशी झगडत असताना आम्ही दोघी मनातल्या मनात मिशीवर पीळ देत होतो. पण 'जे घर आम्ही बांधवले' असे म्हटले की 'फेर'चे धातुसाधित 'फे' ढिम्म हलत नाही. कर्म पुढे असो, मागे असो, स्त्रीलिंगी असो, अनेकवचनी असो, ते तसेच. कारण विचारले तर मॅडम म्हणाल्या, "घर हे बांधण्याचं कर्म आहे. तुमच्या करण्याचं नाही." मराठीत 'भिंत बांधवली' म्हणताना भिंत करवणाऱ्याच्या क्रियापदालाही आपले लिंग देऊन टाकते. फ्रेंच देत नाही. जो करवतो त्याचा वस्तूशी थेट संबंध नाही, असे जणू तिचे व्याकरणच बजावते.

मग ज्याच्याकडून करवायचे त्याचे काय? इथे आम्ही पुन्हा वहीत मान घातली. नुसते 'मी विद्यार्थ्यांना वाचायला लावते' असेल तर विद्यार्थी हे सरळ कर्म. पण 'पुस्तक' मध्ये आले की विद्यार्थ्यांना जागा सोडावी लागते. त्यांच्यामागे 'आ' हे शब्दयोगी लागते किंवा 'पार'. 'आ' म्हणजे साधारण आपला '-ला', 'पार' म्हणजे '-कडून'. दोन्हींतला भेद सूक्ष्म आहे. मुलाला सूप भरवले तर सहसा 'आ', कारण ते सूप मुलाच्याच पोटात जाते. गवंड्याकडून घर बांधवले तर 'पार', कारण घर झाल्यावर गवंडी निघून जातो. तो केवळ साधन. रिचर्ड केन यांच्या 1975 च्या फ्रेंच वाक्यरचनेवरील पुस्तकापासून भाषावैज्ञानिक या दोन रचनांचा वेगवेगळा विचार करीत आले आहेत. आम्हांला मात्र आठवला पाणिनी. स्वतंत्र असतो तो कर्ता, असे सांगून लगेच पुढच्या सूत्रात तो प्रयोजकालाही कर्ता ही संज्ञा देतो. आणि त्याआधीच, गती, ज्ञान, भोजन अशा अर्थांच्या धातूंचा मूळ कर्ता प्रयोजकात कर्म होतो, असेही त्याने सांगून ठेवलेले आहे. इतरांचा मूळ कर्ता तृतीयेत जातो. म्हणजे मुलाला खाऊ घालणे एका बाजूला आणि गवंड्याकडून बांधवणे दुसऱ्या बाजूला, ही वाटणी अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनी आणि सीन नदीपर्यंत पोचलेली! वर्गात हे सांगण्याचा मोह आम्ही आवरला. एकीने आवरला, दुसरीने सांगितलेच.

शिकणे हे या वाटणीत खाण्यापिण्याच्या बाजूला पडते. मुलाला शिकवतात, मुलाकडून शिकवत नाहीत. पण 'शिकवणे' या आपल्या पोटापाण्याच्या क्रियापदाकडे त्या धड्यानंतर आम्ही जरा संशयाने पाहू लागलो. मराठीत 'मी त्याला खूप उठवले, पण तो उठला नाही' असे कोणतीही आई म्हणते, आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही. फ्रेंच 'फेर'ला हे चालत नाही. 'मी त्याला वाचायला लावले' असे 'फेर'ने म्हटले, की तो वाचलाच. 'पण त्याने वाचले नाही' अशी शेपटी जोडली की वाक्य कोसळते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही रोज म्हणतो, 'मी शिकवलंय, मुलंच शिकत नाहीत.' हे वाक्य उच्चारण्याची सोय मराठी व्याकरणाने आपल्याला करून दिलेली आहे, हे आम्हांला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळले. बरे, फ्रेंचमध्ये शिकणे आणि शिकवणे या दोन्हींसाठी 'आप्रांद्र' हे एकच क्रियापद चालते. ते आम्हांला आधी गैरसोयीचे वाटले होते.

पुढच्या आठवड्याच्या गृहपाठात दहा प्रयोजक वाक्ये लिहायची होती, शक्यतो स्वतःच्या कामाविषयी. आम्ही एकत्र बसून लिहिली. सातवे वाक्य होते: 'आम्ही एका विद्यार्थिनीकडून निबंध लिहवून घेतला.' मॅडमनी वही पाहताना पेन्सिल थांबवली. "इथे 'आ' हवा की 'पार'? लिहिणं तिच्यासाठी होतं की ती फक्त माध्यम होती?"

प्रश्न व्याकरणाचा होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

आठ वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धेला आम्ही दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पाठवली होती. विषय 'माझे गाव'. तिने पहिला खर्डा आणला तो तिच्या आजीविषयी होता. आजी एसटीच्या थांब्यावर भाजलेल्या शेंगा विकायची. तिने लिहिले होते की पहिल्या गाडीला शेंगा गरम असत्यात आणि आजीचे हात गार. आम्ही 'असत्यात'खाली लाल रेघ मारली. मग त्या वाक्याखाली. चार खर्डे झाले. चौथ्यात आजी 'ग्रामीण श्रमसंस्कृतीचे प्रतीक' झाली होती, आणि थांबा उरला नव्हता. तिने तो सुवाच्य अक्षरात उतरवून काढला आणि पहिले पारितोषिक आले. ढाल प्राचार्यांच्या खोलीत लागली. आमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात 'मार्गदर्शक' या रकान्यात ते पारितोषिक आम्ही दोघींनीही लिहिले. फोटो काढून झाल्यावर ती म्हणाली होती, "मॅडम, हे वाचताना माझं वाटत नाही." तो विनय आहे, असे आम्ही समजलो. पुढच्या वर्षी तिने नाव दिले नाही.

'आ' म्हणावे तर त्या लिहिण्यातले तिच्या पोटात काही गेले नव्हते. 'पार' म्हणावे तर तिचा गवंडी होतो, आणि गवंड्याने निदान भिंत तरी स्वतः रचलेली असते. आम्ही मॅडमना सांगितले की मुळात 'फेर'च चुकले आहे. लिहिणाऱ्या आम्हीच होतो. त्या म्हणाल्या, "मग साधं क्रियापद घ्या," आणि पुढच्या वहीकडे वळल्या. तो पहिला खर्डा आम्ही शोधला. आमच्याकडे नाही. रद्दीत गेला असावा.

त्याच पाठात शेवटी 'लेसे' आहे: करू देणे. रचना 'फेर'सारखीच दिसते, पण एक फरक आहे. 'फेर' आणि त्यापुढचे क्रियापद एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात की मध्ये नामाला शिरता येत नाही. ज्याच्याकडून करवायचे तो वाक्याच्या शेपटाला जातो. 'लेसे'मध्ये मात्र त्या माणसाला दोन क्रियापदांच्या मधोमध उभे राहता येते: मुलांना द्या खेळू. 'लेसे'चे धातुसाधितही पूर्वी बऱ्याचदा कर्माप्रमाणे बदलत असे. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणांनी पुढे क्रियापद असेल तर तेही 'फे'प्रमाणे अविकारी ठेवावे असे सुचवले. आमच्या पुस्तकात दोन्ही रूपे दिली आहेत आणि परीक्षेला दोन्ही चालतात.

स्वाध्याय असा होता की आधीच्या दहा वाक्यांतला 'फेर' काढून 'लेसे' घालायचा. काम सोपे होते, एक शब्द बदलायचा आणि एक जागा. नऊ वाक्ये आम्ही दहा मिनिटांत संपवली. मॅडमनी सातवे का राहिले म्हणून विचारले. आम्ही तिला लिहू दिले: कर्ता ठाऊक होता, धातुसाधित ठाऊक होते, 'ती'ची जागाही या वेळी बरोबर सापडली होती. आम्हांला ते वाक्य लिहवेना.