राहदारी

रस्त्यावरच्या वर्दळीला आपण रहदारी म्हणतो. फारसीतून आपल्याकडे आलेली ‘राहदारी’ वेगळी होती. माल घेऊन निघालेल्याने वाटेत भरायचा कर आणि जवळ बाळगायचा परवाना, दोन्हींना तेच नाव. इंग्रजांचं ‘ट्रॅफिक’सुद्धा मूळचं गाड्यांचं नव्हे. इटालियन-फ्रेंच वळणाने सोळाव्या शतकात ते इंग्रजीत आलं ते व्यापार हा अर्थ घेऊन. वाहनांची ये-जा त्यात एकोणिसाव्या शतकात शिरली. मला हे जुने अर्थच अधिक खरे वाटतात. सातारा-सांगलीच्या वाटा अजून त्याच अर्थांनी चालतात.

आनेवाडी आणि तासवडे हे महामार्गावरचे टोलनाके म्हणजे राहदारीच की! फक्त परवान्याची जागा काचेवरच्या फास्टॅगने घेतली. कराडहून पाटणमार्गे चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट बघावा. सह्याद्रीच्या अशा घाटांनी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जात; कोकणचं मीठ देशावर चढे, देशावरचं धान्य खाली उतरे. दोन्हीकडच्या चुली त्यावर चालत.

सांगलीची गोष्ट हळदीची. पिकवायला आसपासचा मुलूख आहेच, पण निजामाबाद, सेलमची हळदही इथल्या बाजारात येते. आलेली सगळी लगेच पुढे जात नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणलेली होती. त्यांत हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची आणि भावाची वाट बघायची. वर्षानुवर्षं ती तिथे टिके. कीड लागत नसे, रंग उतरत नसे. माल थांबवून ठेवणं हाही वाहतुकीचाच भाग, हे इथल्या व्यापाऱ्यांना फार आधी कळलं होतं. 2005च्या महापुरात यातली कितीतरी पेवं पाण्याखाली गेली. त्या नुकसानीचं मला अजून वाईट वाटतं, कारण हळदीबरोबर एक शहाणपणही बुडालं. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा म्हणूनच मनापासून आनंद झाला.

हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघाले की मागचे लोक वैतागतात. वैतागू नये. त्या मोळ्यांमागे बीडकडून आलेली बिऱ्हाडं असतात, फडाशेजारच्या कोपीत निजणारी लेकरं असतात.

पण या मुलखाची सगळ्यांत मोठी वाहतूक मी मानतो ती 2016च्या एप्रिलमधली. लातूर कोरडं पडलं होतं. राजस्थानातल्या कोट्याला वाफेने धुतलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेला आल्या, कृष्णेच्या पाण्याने भरल्या आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर ईशान्येला गेल्या. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. मिरज-लातूर ही वाट जुन्या बार्शी लाइट रेल्वेची, एके काळच्या अरुंद रुळांची. त्याच वाटेने रिकाम्या वाघिणी मिरजेला परत येत आणि भरून पुन्हा निघत, असं काही महिने चाललं.