मागापेक्षा चढा आवाज

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. मागखात्यात शेजारच्याशी बोलायचं तरी ओठांवरून आणि बोटांच्या खुणांवरून. खडखडाटात दुसरं काही चालतच नाही. कांडी संपली की माग थांबवायचा, धोट्यात नवी भरायची, तुटलेली तार सांधायची आणि पुन्हा सुरू. तीस-पस्तीस वर्षांत त्या आवाजानं त्यांचे कान गेले. घरातलं साधं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचेना.

पोचायचं ते फक्त शाहीर अमर शेखांच्या ढंगात म्हटलेलं गाणं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत वडिलांनी त्यांना एका सभेत ऐकलं होतं. वरची पट्टी, छाती भरून घेतलेला श्वास आणि मैदानाच्या टोकाला उभ्या माणसालाही सुटं कळेल असं प्रत्येक अक्षर. ती फेक वडिलांनी उचलली आणि मला शिकवली. त्यांचे कान गेल्यावर मी तशीच गाणी त्यांच्यासमोर म्हणू लागलो. मान वर व्हायची, ओठ हलायचे, दुसरी ओळ ते स्वतः उचलायचे. शेवटच्या वर्षांत बापलेकांचं बोलणं राहिलं ते या वाटेनं. हे ऋण मी ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांचं आहे.

अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६चा. गाण्याचा वारसा आई मुनेरबींकडून आलेला. त्यांनी स्वतः गिरणीत काम केलं होतं, संपात उतरून तुरुंग पाहिला होता. काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीतही होते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. आचार्य अत्र्यांनी रशियन क्रांतिकवीच्या नावावरून त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. मला वाटतं, मागवाल्याला ते आपले वाटले याचं कारण साधं आहे: कष्टाचा दम त्यांच्या छातीत होता, तो उसना आणावा लागत नव्हता.

आमच्या घरात सगळ्यात जास्त म्हटली गेली ती अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड, अमर शेखांनी गावोगाव पोचवलेली. मुंबईत पोटासाठी आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि झुरता झुरता ती ताटातूट महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारची होऊन जाते. राजकीय गाणं इतक्या हळुवार वाटेनं काळजात उतरलेलं मी दुसरं ऐकलं नाही. आम्हाला तर ते घरचंच होतं. आत्या निपाणीला दिलेली, आणि १९५६ला निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. इथून तासाभराच्या वाटेवरचं गाव. राखीपौर्णिमेला आत्या आली की वडील मुद्दाम तो भाग म्हणायचे, आणि ती पदर डोळ्यांना लावून म्हणायची, "आण्णा, पुन्यांदा म्हण की."

१९६२च्या चिनी आक्रमणाच्या वेळी हाच शाहीर देशासाठी गात निधी गोळा करत फिरला. वडिलांना त्याचा फार अभिमान. २९ ऑगस्ट १९६९ला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

आता एक मेला आमच्या गल्लीतली मागकामगारांची पोरं डफ घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना माईक लावू देत नाही. पोरांचे आईबाप ओट्यावर बसलेले असतात, बरेचसे वडिलांसारखेच ऐकू कमी येणारे, आणि त्यांना शब्द कळले पाहिजेत.