अण्णा, ए.सी. आणि 412 युनिट

जगात दोन प्रकारची माणसं असतात. खोलीतून बाहेर पडताना दिवा तसाच ठेवणारी आणि मागून येऊन तो बंद करणारी. आमच्या घरात पहिली मी आणि दुसरे माझे अण्णा!

तुमच्याकडेही असं कुणीतरी असेलच. बाबा, आजोबा, सासूबाई... रविवारी पंख्याखाली मस्त लोळत असताना ‘कुणी आहे का खोलीत?’ असं विचारत बटणाकडे हात नेणारं. आपण वैतागतो, ‘आहे ना मी!’ म्हणून ओरडतो आणि विषय संपतो.

आमच्याकडे तो संपला नाही. एका रात्रीपुरता तर थेट हॉस्पिटलात गेला.

आई 2023 मध्ये गेली. त्यानंतर लातूरकडचं घर बंद करून अण्णा माझ्याकडे पुण्याला राहायला आले. तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. माझा फ्लॅट सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. घेताना मी काय काय पाहिलं होतं! मॉड्युलर किचन, पार्किंग, बाल्कनीतून दिसणारा सूर्यास्त. तोच सूर्य दुपारी तीनपासून सात वाजेपर्यंत माझ्या बेडरूममध्ये मुक्कामाला असेल, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

त्यावर माझा उपाय एकच. ऑफिसमधून आलं, की ए.सी. 18 वर!

“कशाला गं एवढं गार करायलीस?” अण्णा शाल गुंडाळून विचारायचे. “माणसं राहायलीत का भाज्या ठेवायल्यात इथं?”

2024 च्या एप्रिलचं बिल आलं. 412 युनिट. अण्णांनी चष्मा लावून ते पुढून-मागून वाचलं आणि त्यांचा क्लास सुरू झाला. एक युनिट म्हणजे काय, स्लॅब म्हणजे काय, 300 च्या पुढचं प्रत्येक युनिट महाग कसं पडतं... माझं अप्रेझल त्याच दिवशी बिनसलं होतं. मी ताडकन म्हणाले, “अण्णा, पैसे मी भरते ना? मग?”

अण्णा काहीच बोलले नाहीत. बिलाची नीट घडी घातली आणि टी.व्ही.खाली ठेवून दिली.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्यामागून दिवे बंद करणं सोडलं. मला वाटलं, चला, सुटलो!

मेच्या मध्यावर एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. अण्णांनी दार उघडलं होतं, पण तिथेच भिंत धरून खाली बसले होते. चक्कर, मळमळ, अंग तापलेलं. मी कशी पोचले ते आठवत नाही. एक रात्र सलाइनवर काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागायला उन्हातच जावं लागतं असं नाही. तापलेल्या घरात बसूनही ते लागतं, वयस्कर माणसांना तर पटकन.

“घरात ए.सी. नाहीये का?” त्यांनी विचारलं.

मी अण्णांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

रात्री हळूच म्हणाले, “बाळा, तुझ्या पैशाचा गारवा घ्यायला जीव धजंना.”

तुम्हीच सांगा, यावर काय बोलणार? मी ऑफिसला गेले की हा माणूस ए.सी. सोडाच, पंखासुद्धा एकवर ठेवून त्या भट्टीत बसत होता. माझ्या एका वाक्यामुळे.

घरी आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, माफी मागितली. दुसरी, भिंतीवर लावायचा एक साधा थर्मामीटर आणला. रात्री नऊला बेडरूममध्ये 36 अंश! बाहेर वारा सुटला होता, आणि आत मात्र 36. अण्णांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी ती शाळेतली चमक दिसली. “हे कुठून यायलंय, ते शोधायला पाहिजे.” दोनशे पानी वही आली, पहिल्या पानावर तारीख पडली आणि आमची प्रयोगशाळा सुरू झाली.

पहिला प्रयोग मीटरचा. आमचे मीटर खाली पार्किंगमध्ये आहेत. अण्णा मनगटावरचं घड्याळ घेऊन खाली, मी वर फोनवर. घरातलं सगळं ‘बंद’ करायचं. दिवे, पंखे, ए.सी., फ्रीजचासुद्धा प्लग काढला. आता मीटर झोपायला हवा, बरोबर? पण अण्णा फोनवर म्हणाले, “अजून लुकलुकायलंय.”

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, पाहिलाय कधी? आमच्या मीटरवर 3200 हा आकडा छापलाय. म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. सगळं बंद असताना तो मिनिटाला चारदा लुकलुकत होता. अण्णांनी तिथेच हिशोब केला : तासाला 240 वेळा, म्हणजे 75 वॅट. इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, रिमोटने ‘बंद’ केलेला टी.व्ही., राउटर, मायक्रोवेव्हचं घड्याळ, ए.सी.चा स्टॅबिलायझर, कॉलेजच्या वेळची म्युझिक सिस्टिम... सगळे थोडं थोडं पीत बसलेले. चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला 54 युनिट!

वर आल्यावर अण्णा कपाळावर हात मारून म्हणाले, “तू 75 वॅट रात्रंदिवस जाळायलीस आणि मी बाथरूमचा 9 वॅटचा दिवा बंद करत फिरायलोय!”

आम्ही दोघं खूप हसलो. आई गेल्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच इतके.

मग एकेकाची हजेरी घेतली. इन्व्हर्टर आणि राउटर गरजेचे, ते राहिले. बाकीच्यांची रवानगी बटण असलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर, म्हणजे रात्री एकदम सुट्टी. पंखे जुने, प्रत्येकी साधारण 75 वॅटचे. त्यांच्या जागी बी.एल.डी.सी. मोटरचे घेतले. तेवढाच वारा, 30 वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला, की महिन्याला 16 युनिट वाचतात. एकदम सगळे नाही बदलले हं, पगारागणिक एक!

ए.सी. मी 2016 मध्ये घेतलेला, पाच स्टारवाला. त्या स्टारांचा मला केवढा अभिमान! पण स्टारचे निकष मधूनमधून कडक होत जातात, त्यामुळे जुन्या मशीनचे पाच स्टार आजच्या पाचाइतके राहत नाहीत, हे अण्णांनी मला शिकवलं. नवा घ्यायचं बजेट नव्हतं. म्हणून जुन्याचा फिल्टर काढला. त्यावर धुळीची चक्क गोधडी! तो धुतला आणि सेटिंग 26 वर नेलं, सोबत पंखा मंद. 18 वर ठेवलं की खोली झटपट गार होते, हा माझा गैरसमज. खोली गार व्हायला लागायचा तेवढा वेळ लागतोच, 18 च्या नादात कंप्रेसर मात्र थांबायचं नाव घेत नाही. एकेका अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. 2020 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या ए.सी.ना सुरुवातीचं सेटिंग 24 चं असतं, ते याचसाठी. माझा त्याआधीचा, म्हणून त्याला (आणि मला!) शिस्त लावायला अण्णा लागले.

तरी रात्रीचे 36 अंश काही हलेनात. एका रात्री अण्णा मला गच्चीवर घेऊन गेले. नऊ वाजले होते. त्यांनी खाली बसून कोब्यावर तळहात टेकवला. “बघ. तवा चुलीवरून उतरवलाय, पण भाकरी अजून भाजंल.”

दिवसभर स्लॅब ऊन पिते आणि रात्रभर ते खाली माझ्या बेडवर सोडते. मी ए.सी.नं खोली नाही, अख्खी स्लॅब गार करायला निघाले होते! अण्णांना गावाकडचं माळवद आठवलं. जाड भिंती, वर मातीचा थर, लहान खिडक्या. दुपारी आत शिरलं की माठातलं पाणी अंगावर घेतल्यासारखं वाटायचं. तिथे वीज नव्हती तेव्हाही गारवा होता. आपण मात्र पातळ भिंती, उघडी स्लॅब आणि पश्चिमेला मोठाल्या काचा असलेलं घर आधी घेतो आणि मग ते मशीननं दुरुस्त करत बसतो. नव्या घरांच्या भिंती, छत, खिडक्या कमी तापाव्यात म्हणून 2018 मध्ये आपल्या देशात इको-निवास संहिता आली. फ्लॅट बघायला जाताना तिच्याबद्दल किती जण विचारतात? मी तरी नव्हतं विचारलं.

खिडकीचं काम सोपं होतं. माझे जाडजूड पडदे आतून होते, म्हणजे ऊन काच ओलांडून घरात आल्यावर मी त्याला अडवत होते. अण्णांनी बाल्कनीत बाहेरच्या बाजूनं बांबूचे पडदे टांगले. ऊन दारातूनच परत!

गच्चीचं काम मात्र अवघड, कारण ती सोसायटीची. पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यायचा तर परवानगी हवी. अहमदाबादनं 2017 मध्ये वस्त्यांमधली छपरं अशी पांढरी करायला घेतली होती, तेलंगणानं 2023 मध्ये त्यासाठी खास धोरणच आणलं, असं सगळं मी सप्टेंबरच्या ए.जी.एम.मध्ये स्लाइड्स लावून सांगितलं. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, “गारवा तुम्हाला आणि खर्च सगळ्यांनी करायचा?” मुद्दा चुकीचा नव्हता. मी गप्प.

अण्णा उठले. मेंबर नसताना! वही उघडली आणि म्हणाले, “आपल्या पॅसेजमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये मिळून 28 जुन्या ट्यूब आहेत. चोकसकट 50-50 वॅट. रात्रभर बारा तास. 20 वॅटच्या एल.ई.डी. लावल्या तर दिवसाला 10 युनिट वाचतील. महिन्याला 300. हा फायदा सगळ्यांचा. गच्चीचा खर्च वरचे चार फ्लॅट करतील. परवानगी तेवढी द्या.”

टाळ्या नाही पडल्या, सोसायटीत त्या कधीच पडत नाहीत. पण ठराव पास झाला! ट्यूब दिवाळीआधी बदलल्या, गच्ची 2025 च्या फेब्रुवारीत पांढरी झाली.

एप्रिल 2025. रात्री नऊ. थर्मामीटर 33. हिमालय नाही, पण झोप लागते. आणि बिल? 236 युनिट. मी लगेच मेचे आकडेही मिरवायला निघाले, तर अण्णांनी ते खोडून टाकले. “त्या मे महिन्यात पाऊसच लवकर आला. ती तुलना खरी नाही.” एकदा मास्तर तो कायमचा मास्तर!

पण वहीत कुठेच न लिहिलेली एक गोष्ट आहे. त्या एप्रिलमध्ये एकदा मी वर्क फ्रॉम होम करत होते. दुपारचे दोन वाजले, तसे अण्णा उठले, बाल्कनीतले पडदे सोडले, ए.सी. 26 वर लावला आणि पेपर घेऊन आरामात आडवे झाले. मला न विचारता. चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही.

वीज वाचवणं म्हणजे सोसणं, असं अण्णांना वाटायचं. पैसे भरले की विषय संपला, असं मला वाटायचं. दोघंही चुकत होतो. कुणीही न सोसता कमी विजेत भागवणं जमतं. फक्त आधी गळती कुठे आहे, ते शोधावं लागतं.

तेव्हा मंडळी, या रविवारी एक करा. घरातलं सगळं बंद करून खाली जा आणि तो लाल दिवा एक मिनिटभर मोजा. जाताना घरातल्या त्या बटणं बंद करणाऱ्या माणसाला सोबत न्या. आणि घरात दुपारी एकटं कोण असतं, त्यांच्या खोलीत किती तापतं, तेही जरा विचारा.

हे लिहिता लिहिता मी पाणी प्यायला उठले होते. परत आले तर खोलीत अंधार.

“अण्णाऽऽ, मी आहे ना इथे!”

“होतीस,” आतून आवाज आला. “मी बघितलं, तेव्हा नव्हतीस.”